जावाचे अॅप्लिकेशन सर्व्हर : साधने आणि त्यांचे शिक्षण

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर रुग्णाची नोंद होते, त्याला एक क्रमांक मिळतो आणि पुढे प्रयोगशाळा, औषधालय, देयक-कक्ष यांचे कामकाज त्याच क्रमांकाच्या आधारे चालते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या या रुग्णालयाने ‘सी-डॅक’च्या सहकार्याने आपली संगणकीय माहिती प्रणाली उभारली. त्या वेळी ग्रामीण भागातील रुग्णालयात असे काही होणे ही अपूर्वाईच होती. या विशिष्ट प्रणालीच्या अंतर्रचनेत शिरण्याचे येथे कारण नाही. पण अशा कोणत्याही कामाला संगणकाकडून काय लागते, हे पाहिले की ‘एंटरप्राइझ जावा’ हा भारदस्त शब्द जमिनीवर येतो.

सकाळी दहाच्या सुमारास वीस-पंचवीस खिडक्यांवरून एकाच वेळी मागण्या येतात. प्रत्येक मागणीला माहितीसाठ्याशी, म्हणजे डेटाबेसशी, जोडणी हवी असते. औषधालयातील साठ्यातून दहा गोळ्या वजा झाल्या आणि त्याच क्षणी वीज गेली, तर देयकात त्या गोळ्या नाहीत आणि फडताळातही नाहीत, अशी स्थिती होऊन चालत नाही. दोन्ही नोंदी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, याला ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणतात. शिवाय परिचारिकेला काय दिसावे आणि लेखापालाला काय, याचेही नियम असतात. बँक असो, विमा कंपनी असो वा विद्यापीठाचा परीक्षा विभाग, या गरजा सर्वत्र सारख्याच असतात. प्रत्येक आज्ञावलीकाराने त्या नव्याने लिहीत बसण्यापेक्षा एकदाच, नीट लिहून ठेवाव्यात आणि त्याने केवळ औषधाचे व देयकाचे नियम लिहावेत, या विचारातून ‘अॅप्लिकेशन सर्व्हर’ जन्माला आला.

जावा भाषा १९९५ मध्ये आली आणि डिसेंबर १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ‘जे-टू-ईई’ हे मानक जाहीर केले. मानक एकच आणि ते पाळणारी उत्पादने अनेक, अशी ही व्यवस्था होती. बीईए कंपनीचा वेबलॉजिक, आयबीएमचा वेबस्फिअर आणि मुक्तस्रोत चळवळीतून आलेला जेबॉस ही त्यांतील ठळक नावे. अपाचेच्या टॉमकॅटचे नाव याच पंक्तीत घेतले जात असले, तरी तो पूर्ण अॅप्लिकेशन सर्व्हर नव्हे. सर्व्हलेट आणि जेएसपी चालविणारा तो एक हलका ‘कंटेनर’ आहे. मुलाखतीत हा भेद विचारला जातो आणि अनेक उमेदवार तेथेच अडखळतात.

आरंभीच्या काळात हे मानक वापरण्यास अत्यंत क्लिष्ट होते. ‘एंटरप्राइझ जावा बीन’ या प्रकारातील एक साधा घटक लिहायचा, तरी दोन-तीन जावा फायली आणि त्यांच्या जोडीला एक्सएमएलमधील लांबलचक वर्णनपत्र तयार करावे लागे. या कंटाळवाण्या कामातून सुटका करण्यासाठी विकास-साधनांची, म्हणजे ‘आयडीई’ची, बाजारपेठ फोफावली. बोरलँडचे जेबिल्डर, सनचे नेटबीन्स, आयबीएमचे वेबस्फिअर स्टुडिओ ही त्या काळातील साधने. नोव्हेंबर २००१ मध्ये आयबीएमने इक्लिप्सचा पाया मुक्तस्रोत केला आणि २००४ मध्ये स्वतंत्र इक्लिप्स फाउंडेशन स्थापन झाले. तेव्हापासून महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत इक्लिप्सने जे ठाण मांडले, ते अद्याप हललेले नाही. पुढे २००४ मध्ये ‘स्प्रिंग’ची पहिली आवृत्ती आली, २००६ च्या ‘जावा ईई ५’मध्ये मूळ मानकही बरेच सुटसुटीत झाले आणि वर्णनपत्रांचे ओझे उतरले. साधनांची सवय मात्र राहिली.

खरी अडचण या सवयीतच आहे.

सेवाग्रामला बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. जिल्ह्यातील इतर महाविद्यालयांतूनही संगणकशास्त्राचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात. आर्वी, हिंगणघाट, देवळीकडची ही मुले पुढे नागपूरला किंवा थेट महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला जातात. काही जण ‘सी-कॅट’ ही सामाईक प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅकच्या सुमारे सहा महिन्यांच्या ‘डॅक’ पदविकेला प्रवेश घेतात. त्या अभ्यासक्रमात जावा आणि तिच्यावर आधारित वेब-तंत्रज्ञान हा मोठा भाग असतो. उरलेले खासगी शिकवण्यांची वाट धरतात. आईवडिलांनी कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पैशातून भरलेले ते शुल्क असते. तेव्हा त्या पैशात नेमके काय शिकवले जाते, हा प्रश्न गौण मानता येणार नाही.

पुष्कळ ठिकाणी शिकवले जाते ते साधन. इक्लिप्समध्ये प्रकल्पावर उजवी कळ दाबावी, ‘रन ऑन सर्व्हर’ निवडावे, न्याहाळकात पान उमटते. विद्यार्थ्याची समजूत होते की आपण टॉमकॅट शिकलो. एक छोटी परीक्षा घ्यावी. पान न्याहाळकात दिसत असतानाच त्याला टॉमकॅटच्या ‘वेबअॅप्स’ या फोल्डरमध्ये आपला प्रकल्प शोधायला सांगावे. तो तेथे सापडत नाही. कारण नेहमीच्या मांडणीत इक्लिप्स सर्व्हरच्या मांडणीची एक प्रत स्वतःच्या कार्यक्षेत्रातील ‘मेटाडेटा’ या फोल्डरमध्ये, खोल आत करते आणि प्रकल्प तेथूनच चालविते. मूळ टॉमकॅटला त्याची वार्ताही नसते. ही सोय वाईट नाही, रोजच्या कामात ती वेळ वाचविते. परंतु नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या लिनक्स यंत्रावर, जेथे इक्लिप्स नाही आणि उजवी कळही नाही, तोच प्रकल्प बसवायला सांगितले की हा विद्यार्थी हतबल होतो.

वर्ध्याच्या वाचकाला यावर वेगळे काही सांगण्याची गरज नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच गावी भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी ‘नई तालीम’ची कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हाताने करून शिकावे, आणि करताना त्यामागचे कारणही कळावे, हा त्या विचाराचा गाभा. टकळीची आणि टॉमकॅटची तुलना कोणाला अतिशयोक्त वाटेल. मात्र सूत काय चीज आहे हे न कळता गिरणीचे बटण दाबणाऱ्याची जी अवस्था, तीच या विद्यार्थ्याची होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

आरंभ साधनाविना करावा. जेडीके बसवून त्याचा मार्ग यंत्रणेला सांगावा, टॉमकॅटची संकुचित फाईल उलगडावी, साध्या मजकूर-संपादकात एक सर्व्हलेट लिहावे. ते ‘जावासी’ या आज्ञेने संकलित करताना सर्व्हलेटचे ग्रंथालय स्वतः जोडून द्यावे लागते. तेथे पहिली चूक होते आणि ‘क्लासपाथ’ म्हणजे काय, हे त्या चुकीतूनच कळते. तयार झालेली फाईल ‘वेब-इन्फ’मधील ‘क्लासेस’मध्ये स्वहस्ते ठेवावी, सर्व्हर सुरू करावा आणि आठ हजार ऐंशी क्रमांकाच्या पोर्टवर पान उघडावे. या कामाला एक दुपार पुरते. त्यानंतर इक्लिप्स वा नेटबीन्स खुशाल वापरावे. आता ते पडद्याआड काय करते, हे ठाऊक असते.

दुसरा धडा जोडण्यांचा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. डेटाबेसशी नवी जोडणी करणे हे वेळखाऊ काम असल्यामुळे सर्व्हर काही जोडण्या आधीच तयार ठेवतो. मागणी आली की त्यांतील एक देतो आणि काम झाले की परत घेतो. याला ‘कनेक्शन पूल’ म्हणतात. सरावासाठी ही मर्यादा मुद्दाम पाचवर आणावी आणि आज्ञावलीत जोडणी परत करण्याची ओळ मुद्दाम गाळावी. मग न्याहाळकात पान पुन्हा पुन्हा उघडावे. पाच वेळा ते झटकन येते, सहाव्या वेळी चक्र फिरत राहते. त्रुटीचा संदेश नाही, सर्व्हर बंद पडलेला नाही, डेटाबेसही धडधाकट आहे आणि तरीही सारे ठप्प! रुग्णालयात सकाळी नऊला सुरळीत चालणारी प्रणाली अकराला का अडते, याचे पुष्कळदा हेच उत्तर असते. विसरलेल्या जोडण्या हळूहळू साचतात आणि गर्दीच्या वेळी शेवटची संपते. अशा वेळी ‘थ्रेड डंप’ घ्यायचा असतो, म्हणजे सर्व्हरमधील प्रत्येक धागा या क्षणी कोठे थांबला आहे, याची यादी मिळवायची. जेडीकेसोबत येणारे ‘जेस्टॅक’ हे साधन ती फुकट देते. सारे धागे एकाच ठिकाणी, जोडणीची वाट पाहत ताटकळलेले दिसले की निदान झाले. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तर प्रणाली तात्पुरती चालू लागते. म्हणूनच अनेक कार्यालयांत तेवढ्यावरच भागवले जाते आणि दोन दिवसांनी तीच रांग पुन्हा उभी राहते.

नोंदवही, म्हणजे ‘लॉग’, वाचणे हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे. जावाची त्रुटी शंभर-दोनशे ओळींचा मजकूर ओकते. नवखा विद्यार्थी पहिली ओळ वाचून घाबरतो. मूळ कारण बहुधा खाली, शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ या शब्दांपुढे असते. तेथून खाली जात आपल्या स्वतःच्या फाईलचे नाव जेथे प्रथम दिसते, ती ओळ तपासावी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते खरी, पण या मजकुरातील वाक्ये इनमिन चाळीस-पन्नास ठरावीक प्रकारची असतात आणि दोन महिन्यांत ती ओळखीची होतात.

कोणता सर्व्हर शिकावा, असा प्रश्न पालकही विचारतात. नावांच्या मागे धावण्यात अर्थ नाही, हे गेल्या दोन दशकांनी दाखवून दिले आहे. जेबॉस २००६ मध्ये रेडहॅटकडे गेला आणि त्याच्या मुक्त आवृत्तीचे नाव पुढे वाइल्डफ्लाय झाले. बीईए कंपनी २००८ मध्ये ओरॅकलने घेतली, तर २०१० मध्ये खुद्द सनच ओरॅकलमध्ये विलीन झाली. सनची ‘एससीजेपी’ ही प्रमाणपत्र परीक्षा एकेकाळी शिकवण्यांच्या फलकांवर झळकत असे, ते नावही इतिहासजमा झाले. २०१४ मध्ये आलेल्या ‘स्प्रिंग बूट’ने तर सर्व्हरच प्रकल्पाच्या पोटात घातला. स्वतंत्र सर्व्हर बसविण्याचे काम त्यामुळे पुष्कळ कमी झाले. पण पोटात बसलेला तो सर्व्हर सर्वसाधारणपणे टॉमकॅटच असतो आणि त्यातील जोडण्यांचा पूल तसाच आटतो. बँका आणि विमा कंपन्यांत वेबस्फिअर व वेबलॉजिक अजून कामावर आहेत. नागपूरच्या मिहानमध्ये आलेल्या मोठ्या कंपन्यांना जुन्या प्रणाली सांभाळणारी माणसे आणि स्प्रिंग जाणणारी माणसे, दोन्ही लागतात.

जुन्या टिपणांवरून शिकणाऱ्यांनी एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. ओरॅकलने २०१७ मध्ये हे मानक इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे ठरविले आणि त्याचे नाव ‘जकार्ता ईई’ झाले. डिसेंबर २०२० च्या नवव्या आवृत्तीत ग्रंथालयांची ‘जावाएक्स’ने सुरू होणारी नावे बदलून ‘जकार्ता’ने सुरू होणारी करण्यात आली. परिणामी जुन्या पुस्तकातील उदाहरण टॉमकॅट ९ वर चालते आणि टॉमकॅट १० वर चालत नाही. आज्ञावलीत चूक नसताना विद्यार्थी रात्र रात्र चूक शोधत बसतो. जुने पुस्तक हाती असेल तर टॉमकॅट ९ घ्यावा. नवी आवृत्ती हवी असेल तर उदाहरणातील नावे बदलावीत. ‘स्प्रिंग बूट ३’ला जावा १७ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते, हेही आधीच पाहून ठेवावे.

खर्चाचे म्हणाल, तर टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, ग्लासफिश आणि आयबीएमचा ओपन लिबर्टी हे मुक्तस्रोत आहेत. वेबलॉजिकही विकास व सरावापुरता विनाशुल्क उतरवून घेता येतो. आठ जीबी स्मृतीच्या साध्या लॅपटॉपवर टॉमकॅट, पोस्टग्रेस आणि इक्लिप्स एकत्र चालतात. शिकवणीत नाव नोंदविण्यापूर्वी तेथील शिक्षकाला एवढेच विचारावे की, अभ्यासक्रमात इक्लिप्सशिवाय प्रकल्प सर्व्हरवर बसवायला आणि बंद पडलेला सर्व्हर तपासायला किती तास ठेवले आहेत. नेमका आकडा मिळाला नाही, तर शुल्क भरण्याची घाई करू नये.