गोधडी : एका सामुदायिक कलेचा मागोवा

या स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाची जुनी इतिवृत्ते आम्ही चाळावयास घेतली. गणेशोत्सवातील नाटके, कोजागरीची गाणी, बाहेरगावाहून आलेले व्याख्याते, वर्गणीवरून झालेले वाद, सारे तारीखवार नोंदलेले आहे. पहिल्या दशकातील एका हिवाळ्यात मात्र एकच ओळ आढळली : महिला शाखेने एक गोधडी शिवली, दोरा व सुया यांचा खर्च मंजूर. कोणी शिवली, कशाची शिवली, किती दिवस लागले, याचा कोठेही उल्लेख नाही. खर्चाची नोंद झाली, हातांची राहून गेली. ती गोधडी अद्याप मंडळाच्या कपाटात आहे. तिच्याविषयी लिहू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा केवळ आमच्या मंडळाचा इतिहास नव्हे. त्याची मुळे फार खोल आणि फार दूरवर गेलेली आहेत.

गोधडी म्हणजे काय हे आपल्या पिढीस सांगावयास नको, परंतु परमुलखात वाढलेल्या मुलांसाठी सांगितले पाहिजे. जमिनीवर जुने नऊवारी लुगडे पसरावयाचे, त्यावर विरलेल्या धोतरांचे, चादरींचे थर लावावयाचे, वर पुन्हा लुगडे किंवा ठिगळे जोडून केलेला पदर घ्यावयाचा. सुरकुत्या काढून मोठमोठे कच्चे टाके घातले की थर सरकत नाहीत. मग कडेकडेने धावदोरा सुरू होतो आणि फेऱ्या मध्याकडे जातात. विकत आणावयाचे ते सुई आणि दोरा एवढेच. एकटीने शिवावयाची तर महिना सरतो. चौघी चार बाजूंस बसल्या तर काम लवकर उरकते, आणि गप्पा मात्र उरतात. म्हणूनच ही कला एकटीची कधीच नव्हती.

चिंध्या जोडून वस्त्र करण्याची रीत आपल्या देशात अतिप्राचीन आहे. संस्कृतातील कंथा हा शब्द संन्याशाच्या अशाच ठिगळांच्या वस्त्रास लावीत. बौद्धांच्या विनयपिटकात एक सुंदर कथा आहे. मगध देशातील बांधांनी आखलेली भातशेते पाहून भिक्षूंचे चीवर तशा रचनेचे करता येईल काय, असे भगवान बुद्धांनी आनंदास विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर सिद्ध केले. वर्षावास संपल्यावर होणाऱ्या कठिन विधीत चीवराचे कापड कापणे, शिवणे आणि रंगविणे हे सारे एका दिवसात उरकावयाचे असते. म्हणून संघातील सारे भिक्षू त्या कामास हात लावतात. स्थविर अनुरुद्धाचे चीवर शिवताना मोठमोठे थेर जमले होते आणि स्वतः बुद्धांनी सुईत दोरा ओवून दिला, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत येते. मित्रांनी एकत्र बसून हाताने काही घडविण्याचा आनंद किती जुना आहे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

महाराष्ट्रात गोधडी, वाकळ आणि दुपटे ही घराघरातील वस्त्रे. अंगावर ठिगळांचे वस्त्र वागविणाऱ्या गाडगे महाराजांस (१८७६–१९५६) लोक गोधडे महाराज म्हणत, यातच त्या वस्त्राची लोकमानसातील जागा दिसते. ते गरिबाचे खरे, पण लाजेचे नव्हे. पुढे शहरांतून सुईदोऱ्याने आणखी एक कार्य केले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले, तेव्हा स्त्रियांना शुश्रूषेसारख्या शिक्षणाबरोबर शिवणकामही शिकविले जाई. ज्या घरांतून व्याख्यानास जाण्याची परवानगी मिळणे कठीण, तेथून शिवण शिकावयास जाण्यास तितका विरोध होत नसे. एकदा उंबरा ओलांडला की सुईपाठोपाठ पुस्तकही हाती येई. आपल्या महिला मंडळांची वंशावळ शोधू गेल्यास ती अशाच शिवणाच्या वर्गांपाशी जाऊन पोहोचते.

परंतु परप्रांतात राहणाऱ्या आपणांस विशेष जिव्हाळ्याची गोष्ट ही की, गोधडीच्या बहिणी साऱ्या देशात पसरलेल्या आहेत. बंगालची कांथा ही त्यांतील सर्वांत विख्यात. तिकडे जुन्या साडीच्या काठातून रंगीत धागे काढून त्यांनीच कमळे, हत्ती, रथ असे नक्षीकाम करीत. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमधील सातगावच्या बाजूने पिवळसर रेशमाने भरलेल्या रजया पोर्तुगीज व्यापारी युरोपात नेत. त्यांतील काही आजही लिस्बन आणि लंडन येथील संग्रहालयांत जतन केलेल्या आहेत. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी खेड्यापाड्यांतून हिंडून कांथा गोळा केल्या. कोलकात्याजवळ जोका येथे १९६३ साली त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय उघडले. त्या संग्रहात खुलना भागातील मानदासुंदरी नावाच्या स्त्रीची एक कांथा आहे. आपण ती स्वहस्ते वडिलांसाठी केली, असे तिने सुईनेच लिहून ठेवले आहे. या नावाकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

बिहारात नवजात बालकासाठी जुन्या कपड्यांची सुजनी शिवतात आणि तिच्याशी चितिरिया मा या चिंध्यांच्या देवतेचे नाते सांगतात. आपल्याकडील आजीही नातवाच्या दुपट्यासाठी मऊ झालेले लुगडेच शोधते. भाषा निराळी, परंतु समजूत तीच : नव्या जिवाला जुन्या माणसांची ऊब द्यावी. मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावात १९८८ पासून स्त्रियांनी संघटितपणे या कलेचे पुनरुज्जीवन केले आणि हुंड्यासारखे विषयही सुजनीवर भरले. कर्नाटकात गोधडीला कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी स्त्रियांची कवंदी तर गोमंतकाशी जोडलेली आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक होते आणि तेथून निसटून ते या रानात आले. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर त्या त्रिकोणी घडी शिवतात, तिला फुला म्हणतात. फुला नसेल तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. मुलूख सुटला, भाषा बदलली, तरी हाताची सवय सुटली नाही. आपल्यासारख्यांना हे वाचून वेगळे काय सांगावे?

आता आमच्या गोधडीकडे वळू. मंडळ नवे होते आणि बहुतेक बिऱ्हाडे नोकरीपायी आलेली, दोन खोल्यांची होती. येथील थंडी आपल्याकडील थंडीसारखी नव्हे. त्यांतच बाळंतपणाचा प्रश्न येई. रेल्वेचा दोन रात्रींचा प्रवास करून प्रत्येकीची आई येऊ शकत नसे. तेव्हा महिला शाखेतील वडीलधाऱ्या बायकांनी ठरविले की, मंडळाची म्हणून एक गोधडी शिवावी आणि ज्या लेकीची आई येऊ शकत नाही तिच्या घरी ती सव्वा महिना ठेवावी. प्रत्येक घराने एक जुने सुती वस्त्र द्यावयाचे होते. कोणी इरकल दिले, कोणी चंद्रकळा, कोणी खणाची विटलेली चोळी. थोरल्या काकूंनी दिवंगत यजमानांचे धोतर आणून दिले. त्या वर्षभर कोठेही गेल्या नव्हत्या. धोतर देण्यास म्हणून आल्या आणि सुई घेऊन बसल्या, त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

आमच्यापैकी दोघी तेव्हा नव्याने लग्न होऊन आल्या होत्या. टाका मोठा पडला की वहिनी मुकाट्याने उसवून पुन्हा घालावयास लावीत. देशावरची आणि कोकणातली, वऱ्हाडातली आणि बेळगावची अशा बायका प्रथमच इतका वेळ गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. इतिवृत्तात ज्या वर्गणीच्या वादाची दोन पाने भरली आहेत, तो वाद पुढे त्याच सतरंजीवर मिटला. त्याची नोंद नाही, कारण कोणी ठराव मांडलाच नाही.

पुढे अनेक घरांतून ती गोधडी हिंडली. परत करताना प्रत्येक बाळंतीण एक लहानसे ठिगळ तिला जोडी. मग हळूहळू सारे पालटले. नऊवारी गेली, टेरिलीन आणि पॉलिएस्टर आले. त्या कापडावर टाका नीट बसत नाही आणि अंगाला ऊबही लागत नाही. विकतच्या रजया स्वस्त झाल्या, इस्पितळे जवळ आली, आयांना विमानाने येता येऊ लागले. यांत वाईट काहीच नाही. मात्र गोधडी कपाटात गेली ती तेथेच राहिली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ती बाहेर काढून उन्हात पसरली आणि नव्वदीच्या घरातील वहिनींना खुर्चीवर आणून बसविले. डोळ्यांना कमी दिसते, म्हणून त्या बोटांनी चाचपून सांगू लागल्या : हे धोतर काकूंच्या यजमानांचे, ही चंद्रकळा अमकीच्या सासूची, हा वेडावाकडा दोरा तुझा. आम्ही मोजली ती बाळंतिणींची ठिगळे तेवीस भरली. एकोणीस त्यांनी ओळखली. चार ठिगळांवर बोट थांबले आणि नाव आठवेना. ती चार मुले आज कोठेतरी चाळिशीत असतील आणि आपल्या जन्माची खूण येथे आहे हे त्यांना ठाऊकही नसेल.

त्या दिवशी आम्हांस जे जाणवले तेच सांगण्यासाठी हा लेख लिहिला. हाताने केलेली वस्तू टिकते, परंतु ती वाचता येणारी माणसे टिकत नाहीत. बंगालच्या त्या लेकीचे नाव आज आपण घेतो, ते तिने स्वतः टाक्यांनी लिहिले म्हणून. आमच्या बायकांनी नाव लिहिणे संकोचाचे मानले आणि इतिवृत्त लिहिणाऱ्यांना ते आठवले नाही.

म्हणून ओळखलेल्या ठिगळांची वही आम्ही करून ठेवली आहे. ती मंडळाच्या दप्तरात इतिवृत्तांशेजारी राहील. उरलेल्या चार घरांपैकी कोणी ही स्मरणिका वाचीत असेल तर अवश्य कळवावे. येत्या हिवाळ्यात सुवर्णमहोत्सवाची दुसरी गोधडी शिवावयास आम्ही बसणार आहोत. प्रत्येक घराने एक जुने सुती वस्त्र आणावे, आणि ज्यांना टाका येत नाही त्यांनीही यावे, मुलांनी आणि पुरुषांनीसुद्धा. सुईत दोरा ओवून देणाऱ्यांची वहिनींना फार गरज आहे. या खेपेस मागच्या बाजूस प्रत्येकाने आपले नाव स्वतःच्या हाताने घालावयाचे आहे.