आधी चाल, मग शब्द

नाटककाराच्या मनात प्रथम कथानक येते, त्यातून पात्रे उभी राहतात, पात्रांच्या तोंडी पदे येतात आणि शेवटी कोणी गवई त्या पदांना सूर लावतो, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. मराठी संगीत नाटकाचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. येथे पुष्कळदा सूर आधी आला आणि शब्द त्याच्या मागून चालत आले. आजचे काही कथालेखक आवडत्या गाण्यांची यादी करून ती ऐकत लिहिण्यास बसतात, याचे कित्येकांस नवल वाटते. परंतु आमच्या नाटककारांनी अशा याद्या केल्याच, शिवाय त्या छापूनही ठेवल्या. जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक उघडावे. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ या शब्दापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे आरंभीचे शब्द दिलेले आढळतात.

या पद्धतीचा पाया घातला अण्णासाहेब किर्लोस्करांनी. त्यांचा जन्म १८४३ साली, आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास त्यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. शंभरावर पदे असलेल्या या नाटकासाठी त्यांनी नव्या चालींचा हट्ट धरला नाही. हरिदासांची साकी व दिंडी, लावणीचा ठेका, कर्नाटकातील कानावरून गेलेल्या चाली, असे जे जे लोकांच्या ओठी होते ते त्यांनी घेतले. देवळाच्या सभामंडपात कीर्तन ऐकणारा श्रोताच नाटकगृहात येऊन बसला होता. ओळखीच्या चालीमुळे पात्राचा भाव त्याला शब्द पुरते ऐकू येण्यापूर्वीच कळे. १८९९ साली इंदुरास प्रथम रंगलेल्या देवलांच्या ‘शारदे’तही हीच घरगुती वळणाची चाल बालाजरठविवाहासारख्या ज्वलंत प्रश्नाला प्रेक्षकांच्या काळजापर्यंत घेऊन गेली.

पुढचे पाऊल १९११ साली पडले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर तोवर गद्य नाटककार म्हणून गाजलेले होते. त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने बंदी घातली होती. त्यांनी ‘मानापमान’ हे आपले पहिले संगीत नाटक लिहिले, तेव्हा चाली पुरविण्याचे काम गोविंदराव टेंब्यांकडे आले. टेंब्यांनी पूरबकडील ठुमरी, दादरा, कजरी अशा ढंगांच्या चाली निवडल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर पदे बांधली.

हे काम वाटते तितके सोपे नव्हे. चालीचे माप ठरलेले असते. सम जेथे पडते तेथे अर्थाचा भार सोसणारा शब्द हवा. जेथे सूर लांबवायचा तेथे आकारासारखा मोकळा स्वर हवा, नाहीतर तान अडखळते. ठुमरीचा मुखडा पुनःपुन्हा येतो. म्हणून पुनःपुन्हा घोळविण्याजोगाच विचार पात्राच्या मनात असावा लागतो. म्हणजे चाल केवळ शब्दांना वळण देत नाही. पात्राने कोणत्या क्षणी काय वाटून घ्यावे, हेही ती लेखकाला सुचविते.

गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणलेल्या ‘स्वयंवरा’त हा संबंध परिणतीस पोहोचला. बडोद्यास ज्यांच्या तालमीचा आरंभ झाला त्या भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाची भारदस्त चीज नाटकात आणली. बालगंधर्वांची रुक्मिणी गाऊ लागली की कथानक थांबे, पण रुक्मिणीचे मन उलगडत जाई.

याची किंमत पडली नाही असे आम्ही म्हणणार नाही. हिंदी चिजेच्या साच्यात मराठी वाक्य बसविताना अन्वय मोडला, संस्कृत समास खच्चून भरले, काही पदांचा अर्थ लावताना आजही दमछाक होते. ‘वन्समोअर’च्या गजरात प्रयोग पहाटेपर्यंत लांबले आणि नाटक गाण्याच्या ओझ्याखाली वाकले. तथापि, जेथे लेखकाने चालीतील भाव ओळखून पात्राला दिला तेथे पद टिकले. जेथे केवळ मात्रा भरल्या तेथे ते गायकाच्या गळ्याबरोबरच गेले. सूर लेखकाला दार उघडून देतो. आत जाऊन माणूस शोधण्याचे काम लेखकाचेच असते.

गोमंतकातील वाचकांस हा विषय दूरचा वाटू नये. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, आणि देवाच्या उत्सवात गावकऱ्यांनी संगीत नाटक उभे करण्याची प्रथा गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु पुस्तकात छापलेल्या त्या ‘चाली’ आज किती जणांस गाता येतात? ज्या मूळ गाण्याचा निर्देश आहे ते गाणेच विस्मृतीत गेले, तर तो निर्देश म्हणजे कुलूप राहून किल्ली हरवल्यासारखे होय. ध्वनिमुद्रणाची साधने आता घरोघर आहेत. उत्सवाच्या नाटकांत पेटीवर बसलेले, पदे पाठ असलेले वृद्ध जेथे असतील तेथे मंदिर समित्यांनी त्यांच्याकडून त्या चाली गाऊन घ्याव्यात आणि नाटकाच्या पुस्तकाशेजारी जपून ठेवाव्यात. ज्या सुरातून ते शब्द जन्मले तो सूर गमावला, तर उरलेले शब्द पोरके होतील.