पुसदचं गवत, 1927चा कायदा आणि सरकारच्या अधिकाराची हद्द

10 जुलै 1930. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या जंगलात एक पन्नाशीला टेकलेले वकील स्वयंसेवकांसोबत शिरले आणि त्यांनी विळ्याने गवत कापलं. त्यांना अटक झाली आणि पुढे तुरुंगवासाची शिक्षाही झाली.

हे वकील म्हणजे माधव श्रीहरी अणे, वऱ्हाडातले 'लोकनायक बापूजी'. वणीत जन्मलेल्या अणेंच्या नावाचं महिला महाविद्यालय आज यवतमाळात आहे. पण त्यांनी त्या दिवशी जो वन कायदा मोडला, तो 1927 सालचा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

मग स्वातंत्र्याने नेमकं काय बदललं? सरकारला अधिकार असतात, पण ते कुठे थांबतात? समजून घेऊया.

मीठ सोडून गवत का?

1930च्या मार्चमध्ये गांधीजींची दांडी यात्रा निघाली. पण वऱ्हाडाला समुद्र नाही. इथल्या माणसाचा सरकारशी रोजचा संबंध यायचा तो जंगलात. बैलांना चारा, चुलीला सरपण, घराला लाकूड, खायला मोहाची फुलं हे सगळं तिथूनच यायचं. त्यामुळे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सविनय कायदेभंगासाठी जंगलाचा कायदा निवडला गेला.

पुसदनंतर हे लोण पसरलं. 21 जुलैला यवतमाळजवळ डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनीही सत्याग्रह केला आणि त्यांना तुरुंगवास झाला. मात्र सगळीकडे प्रकरण अटकेवर थांबलं नाही. 25 सप्टेंबरला आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चिरनेरमध्ये जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला आणि त्यात माणसं मेली.

त्या कायद्यात असं होतं काय?

तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली: सरकार एखादं जंगल 'राखीव' करणार असेल, तर तिथे हक्क सांगणाऱ्यांनी ठरलेल्या मुदतीत दावा करायचा. मुदत किमान तीन महिन्यांची. दावा केला नाही आणि अधिकाऱ्याच्या चौकशीतही हक्क पुढे आला नाही, तर कलम 9नुसार तो साधारणपणे संपतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर असा एका नोटिशीवर संपू शकत होता.

दुसरी: कलम 26नुसार राखीव जंगलात गुरं चारणं, झाड तोडणं, वनउपज नेणं हा गुन्हा. मूळ कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तिसरी: कलम 64नुसार ठरावीक वनगुन्ह्यांमध्ये वाजवी संशय असेल, तर वन अधिकारी किंवा पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

कायदा करणाऱ्या सभागृहासाठी मतदानाचा हक्क मुख्यतः मालमत्ता आणि कर भरणाऱ्यांपुरता होता. गवत कापणाऱ्याला मत नव्हतं, आणि कायदा अन्यायकारक वाटला तर कोर्टात दाखवायला मूलभूत हक्कही नव्हते.

कायदा तोच, मग बदललं काय?

26 जानेवारी 1950ला राज्यघटना लागू झाली आणि सरकारी अधिकाराभोवती कुंपण आलं.

- अनुच्छेद 13: मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्द ठरतो. जुने, इंग्रजांच्या काळातले कायदेही यात आले.
- अनुच्छेद 14: कायद्यापुढे सगळे समान. अधिकाऱ्याला मनमानी करता येत नाही.
- अनुच्छेद 21: कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही.
- अनुच्छेद 22: अटक केली तर कारण सांगावं लागतं, वकील गाठू द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं.
- अनुच्छेद 32 आणि 226: हक्कावर गदा आली तर सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात जाता येतं. यवतमाळकरांसाठी ते म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ.

वन अधिकारी आजही वॉरंटशिवाय अटक करू शकतो. पण आता त्याला त्या अटकेचा हिशेब द्यावा लागतो. मर्यादित सरकार याचा अर्थ दुबळं सरकार असा नाही. जंगल वाचवायला आणि लाकूडचोरी रोखायला सरकारकडे अधिकार हवेतच. पण तो अधिकार कायद्याने दिलेला असावा, त्याला कारण असावं आणि त्याविरुद्ध दाद मागायला जागा असावी.

2006मध्ये काय घडलं?

घटनेनंतरही जंगलातल्या माणसाचा हक्क कागदावर नव्हताच. 2006च्या वनहक्क कायद्याने 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचं मान्य केलं.

या कायद्यानुसार 13 डिसेंबर 2005पूर्वीपासून जंगलावर अवलंबून असलेले आदिवासी दावा करू शकतात. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. कसण्याची जमीन, चराई, आणि तेंदूपत्ता, बांबू, मध यांसारखं गौण वनउपज हे सगळं यात येतं.

दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. तिथून तो उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पडताळणी पूर्ण होईपर्यंत जमिनीवरून हटवता येत नाही. कोलाम, गोंड, आंध अशा समाजांची वस्ती असलेल्या यवतमाळसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने याच कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवला.

ही हद्द कायमची आहे का?

नाही. एकट्या 2019 सालात तिची दोनदा कसोटी लागली.

13 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून हटवण्याचा आदेश दिला. दावे नीट प्रक्रिया करून फेटाळले होते का, हा प्रश्न उभा राहिला आणि 28 फेब्रुवारीला न्यायालयानेच त्या आदेशाला स्थगिती दिली.

मार्चमध्ये केंद्र सरकारने 1927च्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा आणला. त्यात वन अधिकाऱ्यांना शस्त्र वापरण्याबाबत वाढीव संरक्षण देण्याची तरतूद होती. विरोध झाला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने मसुदा मागे घेतला.

दोन्ही वेळा हद्द टिकली, कारण कुणीतरी हरकत घेतली. 1930मध्ये हरकत घ्यायला कायदा मोडून तुरुंगात जावं लागायचं. आज ग्रामसभेत ठराव करता येतो, अपील करता येतं, कोर्टात जाता येतं.

त्यामुळे तुमच्या गावात वनहक्काचा दावा अडकला असेल, तर आधी दोन गोष्टी विचारा: दावा फेटाळल्याचं कारण लेखी दिलंय का? आणि अपिलाची मुदत सांगितलीय का? जिल्हास्तरीय समितीकडे जाण्यासाठी ती 60 दिवसांची असते. ही उत्तरं मागणं हा तुमचा हक्क आहे.