वसईचा गोन्सालो आणि आपला 'संत' हा शब्द

वसई हे नाव आपल्या शालेय इतिहासात चिमाजी अप्पांबरोबर येते आणि त्यांच्याबरोबरच निघून जाते. १७३९ साली मराठ्यांनी किल्ला जिंकला, हे धरणगावच्या शाळेतला मुलगाही सांगेल. परंतु १५३४ पासून तोवर, दोन शतके, त्या तटाच्या आत कोण राहत होते, काय शिकत होते, कशासाठी मरत होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्या दोन शतकांतील एक माणूस शिकवायचा झाला तर आम्ही गोन्सालो गार्सिया निवडू.

त्याचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणची. वसईतल्या जेझुइटांकडे तो शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे जपानी भाषा त्याने इतकी आत्मसात केली की पुढचे त्याचे सारे आयुष्य त्या भाषेभोवती फिरले. जेझुइट संघात प्रवेश मिळावा अशी त्याची इच्छा होती. तो मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, पैसा मिळवला, आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. धर्मगुरूची दीक्षा त्याला कधीच नव्हती. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर तो दुभाषी म्हणून पुन्हा जपानात आला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. नववे पायस पोप असताना, १८६२ मध्ये, त्याला संतपद मिळाले.

अडचण येते ती याच शब्दापाशी. 'संत' म्हटले की मराठी मुलासमोर नामदेव, सावता, एकनाथ, तुकाराम उभे राहतात. यांतले बहुतेक प्रपंचात राहिलेले. मळा, दुकान, बायकोमुले यांसकट त्यांचे संतपण आहे. किंबहुना तेच त्यांचे वैशिष्ट्य म्हणून आपण शिकवतो. शिवाय त्यांना संत ठरवण्यासाठी कोणतीही सभा भरली नाही. लोकांनी म्हटले आणि ते झाले. कॅथलिक संतपद चौकशीअंती, पुरावे तपासून, तारीखवार जाहीर होते. एकाच शब्दाखाली या दोन गोष्टी ठेवल्या आणि फरक सांगितला नाही, तर मुलाच्या मनात गोन्सालो हा टाळ नसलेला तुकाराम होऊन बसतो.

धरणगावात आणखी एक गुंता आहे. हे बालकवींचे गाव. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ठोमऱ्यांच्या मुलाला ते नाव मिळाले, पुढे नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी तो राहिला, हे इथले शिक्षक अभिमानाने सांगतात. म्हणजे मुलांच्या परिचयाचा ख्रिस्ती धर्मोपदेशक हा लक्ष्मीबाईंचा नवरा असतो, चारचौघांसारखा घरसंसार असलेला! टिळक प्रॉटेस्टंट होते. कॅथलिक संघातील बंधूला विवाह नाही, मालमत्ता नाही, स्वतःची इच्छाही वरिष्ठांच्या आज्ञेखाली. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांची खूण म्हणून फ्रान्सिस्कन बंधूच्या कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात. मुलांना व्याख्येपेक्षा ती दोरी लवकर कळेल. (टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

मग दाखला कोणाचा द्यावा? आमच्या मते वारकऱ्यांचा नव्हे, महानुभावांचा. चक्रधरांनी आपल्या अनुयायांना अटन, विजन, भिक्षा सांगितली. एका जागी रुजू नका, जोडू नका, मागून खा. असिसीच्या फ्रान्सिसने (मृत्यू १२२६) आपल्या बंधूंना जे सांगितले ते याच्या फार जवळचे आहे, आणि शतकही तेच, तेरावे. 'मठवासी' हा शब्दही येथे जपून वापरावा. बेनेडिक्टाइन साधू मठात स्थिर राहतो. फ्रान्सिस्कन हा मुळात फिरता भिक्षू. खानदेशात महानुभावांचे आश्रम आहेत, काळ्या वस्त्रातली माणसे मुलांनी पाहिलेली आहेत. तेथून सुरुवात केली तर तपकिरी झग्यातला गोन्सालो परका राहत नाही.

मात्र शिकवताना त्याच्या मरणाचा नुसता करुण रस करू नये. हिदेयोशीने १५८७ मध्येच पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता, पण तो कसोशीने अमलात आला नव्हता. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले, आणि आधी पाद्री येतात, मागून सैन्य येते, या संशयाला धार चढली. संशय निराधार होता का? मुंबईजवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यात सोळाव्या शतकात चर्च उभारले ते याच फ्रान्सिस्कन संघाने, पोर्तुगीज सत्तेच्या छायेत. हेही त्याच तासाला सांगावे. व्यक्तीची निष्ठा आणि तिच्या पाठीशी उभी असलेली सत्ता, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळूनच इतिहासात येतात. तेवढे मोकळेपणाने सांगितले तर धर्मप्रसाराचा आरोप करणाऱ्या पालकाला शिक्षकाकडे उत्तर असते, आणि संताची तसबीर टांगू पाहणाऱ्यालाही.

त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी जेझुइट, उरलेले सतरा जपानी सामान्यजन. त्यांत लुई इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेराचा, थॉमस कोझाकी चौदाचा. म्हणजे सातवी-आठवीच्या वर्गातली मुले. कडाक्याच्या थंडीत क्योतोच्या बाजूने नागासाकीपर्यंत त्यांना चालवत नेले. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये फुनाकोशी या शिल्पकाराने घडवलेल्या सव्वीस ब्राँझमूर्ती एका रांगेत बसवल्या आहेत. त्यांतल्या तीन उंचीने लहान आहेत. हे छायाचित्र वर्गात दाखवावे आणि मुलांनाच त्या तिघांना शोधू द्यावे.

सहल काढायची तर धरणगावच्या स्थानकावरून सुरतेमार्गे वसई रोड गाठता येते. किल्ल्यात जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे, आणि फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये पायाखाली थडग्यांचे कोरीव दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरांचे. बहुतेक सहली बुरुज आणि चिमाजी अप्पांचा पुतळा पाहून परततात. दोन्ही पाहायला एक दिवस पुरतो.