मिटवणे आणि सावरणे

मराठीत अत्याचाराच्या प्रकरणाबद्दल बोलताना 'मिटवणे' हे क्रियापद फार सहज येते. प्रकरण मिटवले, आपसात मिटवा, घरातल्या घरात मिटले. डोळे मिटतात, पाकळ्या मिटतात, तसे प्रकरणही मिटते. आणि बहुतेक वेळा ते मिटते याचा अर्थ जिच्यावर अत्याचार झाला तिचे तोंड मिटते. मिटवणारा माणूस गावात मानाचा असतो. पंच, थोरला दीर, कार्यालयातले एखादे 'सगळ्यांचे काका'. त्याला कोणी शिकवलेले नसते. अनुभव आणि वय हीच त्याची पात्रता.

गेले वर्षभर मी एका स्वयंसेवी संस्थेसाठी एक प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत आणते आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत 'रिस्टोरेटिव्ह जस्टिस'ची प्रक्रिया चालवणाऱ्यांना काय शिकवावे, हा तिचा विषय. कोणता कायदा मोडला आणि शिक्षा किती, एवढ्यावर हा न्याय थांबत नाही. कोणाला काय इजा झाली, तिला आता काय हवे आहे, आणि ते देण्याची जबाबदारी कोणाची, असे तो विचारतो. यासाठी दोन्ही पक्षांनी एकमेकांसमोर बसण्याची वेळ येऊ शकते. हे वाचताच मराठी वाचकाच्या मनात तो मिटवणारा माणूस उभा राहणार, हे उघड आहे. म्हणून शब्द ठरवण्याआधी मी या प्रशिक्षणाचा इतिहास वाचला. चांगल्या हेतूचा माणूस इथे पुरत नाही, हे जगाला टप्प्याटप्प्याने कसे कळत गेले, याचाच तो इतिहास आहे.

आधुनिक रूपात या न्यायाची सुरुवात बहुधा १९७४ पासून सांगितली जाते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाच्या गावी दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. मेनोनाइट ख्रिस्ती पंथाशी संबंधित दोन कार्यकर्त्यांनी न्यायाधीशांना सुचवले, की या मुलांनी प्रत्येक घरी जाऊन नुकसान ऐकावे आणि भरून द्यावे. मुले दारोदार गेली. त्यातून जवळच्या किचनर शहरात एक कार्यक्रम उभा राहिला आणि स्वयंसेवक मध्यस्थ घडू लागले. फुटलेली काच आणि फाडलेले टायर यांच्यासाठी हे पुरेसे होते. काचेची किंमत काढता येते, आणि काच फोडणारा सहसा काचेच्या मालकाला वर्षानुवर्षे धाकात ठेवून बसलेला नसतो.

लैंगिक अत्याचारात नेमके तेच असते. म्हणूनच अनेक स्त्रीवादी अभ्यासकांनी हे गुन्हे या पद्धतीपासून दूर ठेवा, असे बजावले. घरात पतीचा मारही 'खाजगी बाब' मानला जात होता. तो कोर्टापर्यंत नेण्यासाठी एक पिढी झगडली होती. आता ते पुन्हा बंद खोलीत न्यायचे? हा आक्षेप आजही जिवंत आहे, आणि पुढचे सगळे प्रशिक्षण या आक्षेपाला दिलेले उत्तर आहे.

पहिले मोठे उत्तर एका छोट्या वस्तीतून आले. मॅनिटोबा प्रांतात विनिपेग सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर हॉलो वॉटर ही अनिशिनाबे आदिवासींची वस्ती आहे. शेजारी मेटी लोकांची गावे आहेत. १९८४ च्या सुमारास तिथले काही कार्यकर्ते दारू आणि तरुणांमधली हिंसा यांवर उपाय शोधायला एकत्र बसले. खोदत गेल्यावर खाली सापडला तो मुलांवरचा लैंगिक अत्याचार, पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याची एक मुळी आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांपर्यंत जात होती. गटाचा स्वतःचा अंदाज असा, की चारांपैकी तिघांनी अत्याचार सोसला होता आणि सुमारे एक तृतीयांश लोकांनी तो केला होता. म्हणजे 'ते' आणि 'आपण' अशी रेघ ओढायला जागाच नव्हती.

या गटाच्या प्रशिक्षणाची सुरुवात तंत्रापासून झाली नाही. गटात बहुतेक स्त्रिया होत्या आणि अनेकींनी लहानपणी अत्याचार भोगला होता. दुसऱ्याचे ऐकायला बसण्याआधी त्यांनी एकमेकींसमोर आपले सांगितले. त्यानंतर बालसंरक्षण, समुपदेशन, पोलिसांशी आणि न्यायालयाशी समन्वय हे सगळे आले. त्यांनी १३ पायऱ्या आखल्या. पहिली, अत्याचार उघड होणे. दुसरी, मुलाची सुरक्षितता. अत्याचार करणाऱ्याला भेटण्याची पायरी त्यानंतरची. त्याला गुन्हा पोलिसांपुढे आणि न्यायालयात कबूल करावा लागे. मग काही वर्षे चालणारे काम सुरू होई. त्यात तो आधी कार्यकर्त्यांसमोर बोले, पुढे कुटुंबासमोर आणि अखेरीस गावासमोर. न्यायाधीश तिथे येऊन वर्तुळात बसत. २००१ साली कॅनडा सरकारसाठी झालेल्या एका अभ्यासाने १०७ गुन्हेगारांपैकी दोघांनीच पुन्हा गुन्हा केल्याचे नोंदवले.

आकडा मोठा आहे, पण त्यावर थांबता येत नाही. एमा लारॉक या मेटी विदुषीने १९९७ साली याच नमुन्यावर कठोर टीका केली. संस्कृतीच्या नावाने, 'सर्वांचे बरे व्हावे' या आग्रहाने, अत्याचार सोसलेल्या बाई-मुलांवर सहभागाचे आणि क्षमेचे दडपण येते, असे तिचे म्हणणे होते. छोट्या गावात नकार देणे किती महाग पडते, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. ही टीका बाहेरून आलेली नव्हती, म्हणून ती अधिक मोलाची.

तिसरा टप्पा अमेरिकेतल्या ॲरिझोनात. मेरी कॉस या सार्वजनिक आरोग्याच्या प्राध्यापक. महाविद्यालयीन विद्यार्थिनींवरील बलात्काराचे प्रमाण दाखवणारे त्यांचे देशव्यापी सर्वेक्षण १९८७ साली प्रसिद्ध झाले होते. इतक्या बायका सोसतात आणि कोर्टात इतक्या थोड्या पोहोचतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या पुढाकाराने पिमा काउंटीत २००३ ते २००७ या काळात 'रिस्टोर' हा कार्यक्रम चालला. प्रकरणे सरकारी वकिलांकडून येत. पीडितेची संमती आधी, मग आरोपीची. तिला समोर बसायचे नसेल तर तिच्या जागी दुसरे कोणी बसू शकत असे. ठरलेल्या गोष्टी आरोपी पाळतो की नाही, यावर वर्षभर लक्ष ठेवले जाई. दडपणाबद्दलचा प्रश्न इथे नियमात उतरू लागला.

तो पूर्णपणे प्रशिक्षणात उतरला न्यूझीलंडमध्ये. तिथे १९८९ च्या कायद्याने बालगुन्हेगारीत कुटुंब-परिषदा आल्या होत्या; त्यामुळे बैठका चालवणारे लोक देशात होते. पण शर्ली ज्यूलिक या संशोधिकेने लहानपणी अत्याचार सोसलेल्या प्रौढांशी बोलून २००१ साली प्रबंध लिहिला, आणि २००५ साली ऑकलंडमध्ये 'प्रोजेक्ट रिस्टोर' सुरू झाला. सोबत दोन जुन्या संस्था होत्या: एक अत्याचारग्रस्तांसोबत काम करणारी, दुसरी अत्याचार करणाऱ्यांवर उपचार करणारी. एरवी या दोन जगांचे एकमेकांशी फारसे येणे-जाणे नसते.

इथला कळीचा शोध साधा आहे. एक माणूस हे काम करू शकत नाही. बैठक चालवणारा एक, अत्याचारग्रस्त व्यक्तीचा तज्ज्ञ साथी दुसरा, अत्याचार करणाऱ्यासोबत काम करणारा तिसरा. आणि या तिघांना प्रश्न विचारणारी एक अनुभवी व्यक्ती वर. आपला पंच एकटाच दोघांचे ऐकतो, दोघांना समजावतो आणि निकालही देतो. ऑकलंडने त्याची कामे तोडून वेगळी केली, कारण एकाच मनाला दोन्हीकडे समान कळवळा वाटू लागला, की ते नकळत जुळवायला लागते.

तयारीला महिने लागतात. दोघे कधीच समोरासमोर न येणे, पत्रावर थांबणे, मध्येच सोडून देणे, हे सगळे शेवट तिथे मान्य आहेत. न्यूझीलंडच्या न्याय मंत्रालयाने २००४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लैंगिक गुन्ह्यांबाबत फार सावध राहायला सांगितले होते; २०१३ साली त्याच मंत्रालयाने अशा प्रकरणांसाठी स्वतंत्र मानके काढली. म्हणजे साधी बैठक चालवता येणे ही या कामाची पात्रता नाही, हे सरकारी कागदावर आले.

आता भारत. आपल्या न्यायालयांनी दार घट्ट लावले आहे, आणि ते कारणाशिवाय नाही. १९७२ साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, तेव्हा १९७९ साली चार कायदेपंडितांनी जाहीर पत्र लिहिले. रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ही मराठी नावे त्यांत होती. तेव्हापासूनचा झगडा हा प्रकरण कोर्टात टिकवण्याचा आहे. २०१३ साली शिंभू खटल्यात आणि २०१५ साली मदनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारात तडजोडीला थारा नाही, असे सांगितले. तरी २०२० साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली, की त्याने तक्रारदार बाईच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यावी. मार्च २०२१ मध्ये अपर्णा भट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, न्यायाधीशांनी अशा प्रकरणी तडजोड सुचवू नये, असे बजावले, आणि न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाचे निर्देश दिले.

राखीच्या त्या आदेशाकडे ऑकलंडच्या चष्म्यातून पाहावे. हे कोणी मागितले? तिला विचारले का? नाही म्हणायची सोय होती का? त्या दाराशी तिच्या बाजूने कोण उभे होते? चारही उत्तरे रिकामी आहेत. वरून नाते लादून इजा झाकणारा तो आदेश आणि पुस्तिकेतले प्रशिक्षण दुरून सारखे दिसतात, पण प्रशिक्षण नेमके या आदेशाविरुद्ध आहे.

तरीही एक फट कायद्यानेच ठेवली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे दहावे कलम चौकशीपूर्वी समेटाची मुभा देते, तीही तक्रारदार स्त्रीने मागितल्यासच, आणि पैशाचा व्यवहार त्याचा आधार होऊ शकत नाही. मागणी तिची, ही अट मोलाची आहे. पण समेट कसा घडवायचा, किती तयारी करायची, कधी थांबायचे, या पायऱ्या कलमात नाहीत. तिथे बसणाऱ्या समिती-सदस्याला आपण काय शिकवतो? शिकवले नाही, तर त्या खुर्चीत आपोआप पंच येऊन बसतो.

म्हणून शब्दांचा प्रश्न माझ्यासाठी सजावटीचा नाही. प्रक्रिया चालवणाऱ्याला आपल्याकडच्या प्रशिक्षणांत 'सुलभक' म्हणतात. पण इथे काहीच सुलभ करायचे नसते. उलट घाईच्या समाधानाला अवघड करायचे असते. 'समेट', 'दिलजमाई', 'तडजोड' हे तिन्ही शब्द पुस्तिकेत मी कुठेही येऊ दिलेले नाहीत, कारण तिघांतही शेवट आधीच ठरलेला आहे. 'पुनर्स्थापक न्याय' ऐकायला भारदस्त, पण पूर्वीचे काहीही जसेच्या तसे परत स्थापता येत नाही, हे सोसलेल्या माणसाला ठाऊक असते. मी 'सावरणारा न्याय' लिहिते. सावरणे ज्याचे त्याने करायचे असते. दुसरा फार तर जवळ उभा राहतो, हात मागितला तर देतो.

आणि बैठक चालवणाऱ्याला मी 'साक्षेपी' म्हणते. जुना शब्द आहे, यत्नाचा आणि काळजीचा. संस्थेतल्या कार्यकर्त्या त्यावर खल करताहेत. एकीने विचारले, की हा शब्द ऐकून कोणाला पंच आठवेल का? हा प्रश्न विचारला गेला, म्हणजे प्रशिक्षण सुरू झाले आहे.