उघडे प्रेक्षागार : रचना, उपयोग आणि पनवेलची गरज

1. प्रकार
प्रेक्षक उतारावर वर-वर बसवायचे आणि खेळ खाली ठेवायचा, हे अँफिथिएटरचे मूळ तत्त्व. ग्रीक पद्धतीत बैठक अर्धवर्तुळाकार आणि समोर रंगमंच असतो; रोमन पद्धतीत मध्यभागी मैदान आणि चहूबाजूंनी बैठक. काटेकोरपणे दुसऱ्यालाच अँफिथिएटर म्हणायचे, पण आज दोन्हींना ते नाव चालते. हा फरक खेळाच्या स्वरूपातून आला. नटाचा चेहरा समोरूनच दिसला पाहिजे. कुस्तीतला डाव कोणत्याही बाजूने कळतो.

2. इतिहास
एपिडॉरसचे ग्रीक नाट्यगृह इसवी सनपूर्व चौथ्या शतकातले. पाँपेईचे दगडी अँफिथिएटर इसवी सनपूर्व 70 च्या सुमाराचे. रोमचे कलोसियम इ.स. 80 मध्ये खुले झाले. लांबी सुमारे 188 मीटर, रुंदी 156.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्राने उलट दिशेने विचार केला. मध्यम विकृष्ट, म्हणजे आयताकार, मंडप 64 हात लांब, 32 हात रुंद, आणि त्यातला निम्माच भाग प्रेक्षकांचा. म्हणजे शेवटचा प्रेक्षकही रंगमंचापासून साधारण 15 मीटरवर. मंडप याहून मोठा झाला तर शब्द विरतात आणि मुद्रा दिसत नाहीत, हे कारणही ग्रंथातच दिले आहे.

महाराष्ट्रातले रोमन वळणाचे ठळक उदाहरण म्हणजे कोल्हापूरचे खासबाग मैदान. 1902 च्या युरोप दौऱ्यात राजर्षी शाहू महाराजांनी रोममधले कलोसियम पाहिले आणि 1912 मध्ये खासबाग उभे राहिले. मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती चढत जाणारा उतार. रचना रोमची, पण वापर तालमीच्या परंपरेचा. शेजारीच पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, बांधले गेले. कुस्तीला उघडा उतार आणि नाटकाला बंदिस्त छप्पर, अशी विभागणी शाहूंनी केली.

3. तत्त्वे
(अ) दृष्टी : पुढच्याच्या डोक्यावरून नजर जावी एवढा चढ प्रत्येक ओळीला हवा.
(आ) ध्वनी : उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने घटते. सपाट जागेवर पुढची गर्दी त्यातला आणखी काही शोषून घेते. उतारावर आवाज थेट पोहोचतो.
(इ) वावर : कलोसियमच्या तळमजल्यावर 80 कमानी होत्या. बहुतेकांवर क्रमांक कोरलेले होते आणि प्रेक्षक नेमून दिलेल्या दारानेच आत-बाहेर करत.
(ई) हवामान : कलोसियमवर कापडी छत ताणले जाई आणि ते हाताळायला नौदलाचे खलाशी असत. नाट्यगृहाचे तोंड दक्षिणेला ठेवू नये, बैठकीच्या कुशीत हवा तापते, असे रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियसने बजावले आहे.

4. पनवेल
पनवेल महानगरपालिका 2016 मध्ये स्थापन झाली. शहरात वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे; मोठा जमाव मात्र मोकळ्या मैदानावरच भरतो. 16 एप्रिल 2023 रोजी महापालिका हद्दीतल्या खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने 14 जणांचा बळी गेला. या घटनेने चौथे तत्त्व पहिल्या क्रमांकावर आणले आहे.

कोकणात चार महिने पाऊस. खोलगट मैदानात पाणी साठणार, म्हणून उताराच्या पायथ्याशी गटार आणि बाहेर पडायला मार्ग लागतो. संध्याकाळच्या कार्यक्रमांसाठी रंगमंच पूर्वेला ठेवावा, म्हणजे मावळते ऊन प्रेक्षकांच्या पाठीशी राहते.

आवाजाचा प्रश्न कायद्याचाही आहे. मुंबईत धोबी तलावाजवळचे रंगभवन शांतता क्षेत्रात आल्याने तिथले कार्यक्रम बंद पडले. शांतता क्षेत्र रुग्णालये आणि शिक्षणसंस्थांभोवती असते, आणि खारघरमध्ये महाविद्यालये आणि रुग्णालये बरीच आहेत. जागा निवडतानाच त्यांच्यापासूनचे अंतर मोजले पाहिजे. बांधून झाल्यावर हा दोष दुरुस्त होत नाही.

5. निष्कर्ष
आज संकुलांच्या जाहिरातींत अँफिथिएटर म्हणजे चार-पाच सिमेंटच्या पायऱ्या आणि समोर फरशी. वर छाया नाही, म्हणून दुपारी तिथे कोणी टेकत नाही. पनवेलने सार्वजनिक प्रेक्षागार बांधायचे ठरवले, तर आराखड्यात क्रम असा असावा : आधी सावली आणि पाणी, मग बाहेर पडण्याच्या वाटा, मग ध्वनी आणि सर्वांत शेवटी शोभा.