सीडी प्लेअर आणि संगीत सर्व्हर

सीडी प्लेअर आणि संगीत सर्व्हर ही घरगुती संगीतश्रवणाची दोन साधने होत. सीडी प्लेअर तबकडीवरील ध्वनिमुद्रण थेट वाजवतो. संगीत सर्व्हर तेच मुद्रण फाइलींच्या रूपात साठवून घरातील ध्वनियंत्रणेला पुरवतो. दोहोंतील मूळ सामग्री अंकीय असल्याने, तबकडीची अचूक नक्कल केली असता ध्वनीच्या दर्जात तत्त्वतः फरक राहत नाही. फरक पडतो तो संग्रहाची मांडणी, देखभाल आणि जतन या बाबतींत. मराठी घरांतील संग्रहात ख्याल, नाट्यसंगीत आणि भावगीते यांच्या जोडीला खासगी बैठकींची मुद्रणेही आढळतात. अशा मुद्रणांची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसल्याने या फरकाला विशेष महत्त्व येते.

पार्श्वभूमी

७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच मुद्रण मावत असे. त्यामुळे ख्यालगायकांना रागविस्ताराचा केवळ सारांश मुद्रित करावा लागे. १९४८ साली अमेरिकेत आलेल्या दीर्घवादन तबकडीने (एलपी) ही मर्यादा एका बाजूस वीस मिनिटांच्या पुढे नेली. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली सीडी १९८२ साली जपानमध्ये विक्रीस आली. तिच्यावर ७४ मिनिटांचे मुद्रण मावत असल्याने विलंबित आणि द्रुत ख्याल बाजू न उलटता सलग ऐकणे शक्य झाले.

ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ हे या स्थित्यंतराचे परिचित उदाहरण आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेली ही ५६ गीते पुढे तबकड्या, कॅसेट, सीडी आणि फाइल अशा क्रमाने घरोघरी पोहोचली. मुंबईतील काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’ हे प्रसिद्ध संगीतविक्री केंद्र २०१६ साली बंद झाले. २०१७ साली सारेगामा कंपनीने ‘कारवाँ’ हे जुन्या रेडिओसारखे दिसणारे, ५,००० हिंदी गाणी आधीच साठवलेले उपकरण बाजारात आणले. संगणकाशी परिचय नसलेल्या श्रोत्यांपर्यंत साठवलेल्या संगीताची कल्पना त्यातून पोहोचली. मात्र त्यातील अंगभूत निवड कंपनीची असते, श्रोत्याची नव्हे.

कार्यपद्धती

सीडीचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. तिच्यावरील सूक्ष्म खळग्यांची सर्पिल रेषा आतून बाहेर अशा दिशेने लेसर किरणाने वाचली जाते. ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. लहानसा ओरखडा वा धूळ यांमुळे वाचनात पडलेली उणीव प्लेअरमधील त्रुटिसुधारणेची पद्धत भरून काढते. उणीव मोठी असल्यास प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरतो, आणि तेही न साधल्यास आवाज तुटतो.

संगीत सर्व्हर म्हणजे मुळात साठवणीसाठी वाहिलेला संगणक होय. तयार उपकरण, नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्क किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक यांपैकी काहीही सर्व्हर म्हणून चालते. सीडीवरील मुद्रण संगणकाच्या साहाय्याने फाइलींत उतरवले जाते. फ्लॅक या २००१ पासून प्रचलित असलेल्या प्रकारात मूळ सामग्रीतील एकही बिट न गमावता फाइल साधारणतः निम्म्याच्या आसपास लहान होते. एमपी३ प्रकारात फाइल त्याहून बरीच लहान होते, परंतु ध्वनीचा काही अंश कायमचा वगळला जातो. एक तासाच्या सीडीची फ्लॅक प्रत सुमारे ३५० मेगाबाइट धरल्यास १ टेराबाइट क्षमतेच्या डिस्कवर अडीच हजारांहून अधिक सीडी मावतात.

ध्वनीचा दर्जा

दोन्ही साधनांत अंकीय सामग्रीचे विद्युत्-संकेतात रूपांतर करणारा परिवर्तक (डॅक) असतो. ऐकू येणारा फरक प्रामुख्याने हा परिवर्तक, त्यानंतरचा प्रवर्धक, स्पीकर आणि खोलीची रचना यांवर अवलंबून असतो. एकाच परिवर्तकाला दोन्ही साधने जोडल्यास तुलना अधिक न्याय्य होते.

सीडीच्या नमुनादरात सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतची कंप्रता सामावते. मानवी श्रवणाची मर्यादा सामान्यतः २० किलोहर्ट्झ मानली जाते आणि वयानुसार ती घटते. सर्व्हरवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ अशा उच्च मापाच्या फाइलीही वाजवता येतात. तथापि जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून वा कॅसेटवरून घेतलेल्या मुद्रणात मूळ साधनाचीच मर्यादा असल्याने केवळ फाइलीचे माप वाढवून ध्वनी सुधारत नाही.

पंखा असलेला सर्व्हर बैठकीच्या खोलीत ठेवल्यास त्याची घरघर आलापीतील तानपुऱ्याच्या नादात मिसळते. म्हणून सर्व्हर दुसऱ्या खोलीत ठेवणे इष्ट असते. तसेच मैफलीच्या सीडीवर सलग गायनाचे विभाग पाडलेले असतात. वादक प्रणालीत खंडरहित वादनाची सोय नसल्यास प्रत्येक विभागाच्या शेवटी रसभंग करणारा विराम येतो. सीडी प्लेअरमध्ये हा दोष उद्भवत नाही.

नोंदी आणि शोध

बहुतेक सीडींवर गाण्यांची नावे अंकीय स्वरूपात नसतात. सर्व्हरसाठीची नावे इंटरनेटवरील सूचींतून मिळवली जातात किंवा हाताने भरावी लागतात. या सूचींचा साचा ‘अल्बम, कलाकार, गाणे’ असा पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताला अनुरूप आहे. ख्यालाच्या नोंदीत राग, ताल, बंदिश आणि साथसंगत यांची, तर भावगीताच्या नोंदीत कवी आणि संगीतकार यांची आवश्यकता असते.

नाट्यपदांच्या बाबतीत ही अडचण ठळक होते. ‘संगीत स्वयंवर’ (१९१६) या नाटकातील पदे कृ. प्र. खाडिलकरांची असून त्यांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. बालगंधर्वांनी गाजवलेली ही पदे पुढे अनेक गायकांनी मुद्रित केली. केवळ गायकाच्या नावाने नोंद केल्यास ती संग्रहात विखुरतात. नाटक, पदकर्ता आणि संगीतकार यांच्या नोंदी केल्यास एकत्र मिळतात. रोमन लिपीत एकाच गायकाचे नाव तीन-चार प्रकारे लिहिले गेल्यासही असाच गोंधळ होतो. नावे सुरुवातीपासून देवनागरीत आणि एकाच पद्धतीने लिहिल्यास तो टळतो. सीडीच्या बाबतीत ही सर्व माहिती वेष्टनातील पुस्तिकेत असते. म्हणून नक्कल झाल्यावरही पुस्तिका जपणे किंवा तिचे छायाचित्र फाइलींसोबत ठेवणे उपयुक्त ठरते.

हवामान आणि आयुष्य

मुंबई उपनगर जिल्ह्यातील मनोरी, गोराई, मढ यांसारख्या समुद्रकाठच्या गावांत दमट, खारी हवा ही दोन्ही साधनांची प्रमुख शत्रू आहे. तिच्यामुळे जोडण्यांवर गंज चढतो आणि पावसाळ्यात पुस्तिकांना बुरशी लागते. सीडीचा परावर्तक थर छापील बाजूच्या लगत असल्याने त्या बाजूवरील ओरखडा अधिक घातक असतो. घरी मुद्रित केलेल्या सीडीत (सीडी-आर) रंगद्रव्याचा थर असतो. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी तो खराब होतो.

सीडी प्लेअरमध्ये लेसर क्षीण होणे आणि तबकडीचा खण अडकणे हे नेहमीचे बिघाड आहेत. जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळणे दुरापास्त होत चालले आहे. हार्ड डिस्क मात्र पूर्वसूचना न देताही निकामी होऊ शकते, आणि तिच्यासोबत संपूर्ण संग्रह जातो. अचानक वीज गेल्यासही फाइलींना धोका असल्याने सर्व्हरला यूपीएस जोडणे हितावह असते.

जतन

सीडीचा संग्रह एकेक तबकडीने झिजतो, तर सर्व्हरचा संग्रह एकाच वेळी नष्ट होऊ शकतो. त्याच वेळी सर्व्हरवरील फाइलीच्या अचूक प्रती कितीही वेळा करता येतात. म्हणून किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा नियम रूढ आहे. बाहेरची प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या आप्तांकडे ठेवता येते.

बाजारात पुन्हा मिळू शकणाऱ्या सीडीपेक्षा खासगी बैठकींच्या कॅसेट आणि सीडी-आर यांची नक्कल आधी करणे श्रेयस्कर होय. अशा मुद्रणासोबत गायक, राग, साथीदार, स्थळ आणि दिनांक यांची नोंद, ती सांगू शकणारी माणसे हयात असतानाच करून घ्यावी लागते. ध्वनी पुढे कधीतरी स्वच्छ करता येतो, परंतु हरवलेली नोंद यंत्राला भरून काढता येत नाही. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने जुन्या तबकड्यांच्या बाबतीत संग्रहाइतकेच महत्त्व अशा माहितीला दिले आहे.

कायदेशीर बाजू

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ अन्वये प्रसिद्ध ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. कलम ५२ मध्ये खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठीच्या उचित वापरास मुभा आहे. फाइली विकणे वा सार्वजनिकरीत्या वितरित करणे या मुभेत बसत नाही. गीताच्या शब्दांवरील हक्क स्वतंत्र असून तो कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो.